धावत्या कुत्र्याची धडक बसून पडल्यास: दुखापत, उपचार आणि पुन्हा फिरायला जाताना घ्यायची काळजी

“चावला नाही डॉक्टर, नुसता धडकला.” सकाळी फिरायला गेलेला रुग्ण लंगडत दवाखान्यात येतो, तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुधा हेच असते. घरच्यांनाही हायसे वाटलेले असते. कुत्रा म्हटले की आपल्या डोक्यात चावा आणि रेबीज येतो. चावा नाही म्हणजे फार काही झाले नाही, असे वाटते. मग गुडघ्याला तेल चोळले जाते, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळले जाते आणि चार दिवसांनी सूज उतरत नाही म्हणून डॉक्टरांची आठवण होते.

खरे तर धावत्या कुत्र्याची धडक हा एक छोटा अपघातच असतो. त्यात हाड मोडू शकते, गुडघ्याचे लिगामेंट फाटू शकते, डोक्याला मार लागू शकतो. आणि चावा नसला तरी नखाचा एखादा ओरखडा असू शकतो, ज्याकडे दुखण्याच्या भरात कुणाचे लक्ष जात नाही. म्हणून असे पडल्यावर दोन प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी मिळायला हवीत: कातडी कुठे फुटली आहे का? आणि पायावर वजन टाकता येते का? या लेखात या दोन्ही प्रश्नांविषयी, बरे होण्याच्या काळाविषयी आणि पुन्हा बाहेर पडताना घ्यायच्या काळजीविषयी माहिती दिली आहे.

धडकेने एवढी दुखापत का होते?

पूर्ण वाढलेला लॅब्राडोर साधारण २५ ते ३५ किलोचा असतो. जर्मन शेफर्डही बहुधा त्याच वजनगटात येतो. असा कुत्रा खेळण्याच्या भरात ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने सहज धावतो. एवढे वजन एवढ्या वेगाने गुडघ्याच्या उंचीवर येऊन आदळते, तेव्हा तरणाताठा माणूसही पडू शकतो.

दोन कुत्री एकमेकांचा पाठलाग करत असतात, तेव्हा धोका जास्त असतो. पुढचा मागे बघत पळतो आणि मागच्याचे सगळे लक्ष पुढच्यावर असते. वाटेतला माणूस त्यांना शेवटच्या क्षणी दिसतो. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण आपल्या गुडघ्याला त्याने फरक पडत नाही.

धडक कुठून बसते यावर दुखापत अवलंबून असते:

- बाजूने: पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मार बसला, तर गुडघा आतल्या दिशेला वाकतो. त्यामुळे आतल्या बाजूचे लिगामेंट ताणले किंवा फाटले जाते. जोर जास्त असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर नडगीच्या हाडाचा गुडघ्यातला सपाट भाग दबून मोडतो. मोटारीचा बंपर लागून होणाऱ्या फ्रॅक्चरसारखीच ही दुखापत असते.
- मागून: पाय उचलले जाऊन माणूस पाठीवर किंवा बसता पडतो. यात डोक्याचा मागचा भाग, माकडहाड आणि मणका यांना मार बसतो.
- पुढून: तोल सावरण्यासाठी आपण आपोआप हात पुढे टाकतो. त्यामुळे मनगट, कोपर किंवा खांद्याला इजा होते.
- कुशीवर पडल्यास: साठीच्या पुढच्या व्यक्तींमध्ये खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते.

पडल्यानंतरची पहिली १५ मिनिटे

पडल्या पडल्या उठण्याची घाई करू नका. आजूबाजूचे लोकही मदतीच्या भावनेने काखेत हात घालून ओढून उभे करतात. त्यांना हाताने थांबवा आणि “एक मिनिट थांबा” असे सांगा.

१. कुत्रे अजून जवळ धावत असेल, तर कुणाला तरी तुमच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहायला सांगा.

२. डोके, मान आणि पाठ दुखते का ते पाहा. मान किंवा पाठ खूप दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा बळ नसेल, तर तसेच पडून राहा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

३. हात-पाय सावकाश हलवून पाहा. एखादा भाग वाकडा दिसत असेल, तर तो सरळ करण्याचा प्रयत्न करू नका. पुठ्ठा, छत्री, ओढणी, जे हाताशी असेल त्याने तो आहे त्या स्थितीत स्थिर करा.

४. हाताला मार लागला असेल, तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. तासाभरात सूज आली की ती निघत नाहीत.

५. उठता येत असेल तर आधी कुशीवर वळा, मग हात-गुडघ्यांवर या आणि बाकाचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन उभे राहा. आधाराने चार पावले टाकून पाहा.

६. हाड मोडल्यासारखे वाटत असेल, तर तपासणी होईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. शस्त्रक्रियेची गरज पडल्यास पोट रिकामे असलेले बरे. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे रुग्णालयात पोहोचताच सांगा.

घरी आल्यावर सुजलेल्या भागावर बर्फ लावा. बर्फ थेट कातडीवर न ठेवता पंचात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवा. पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी असे करता येते. दुखरा पाय उशांवर उंच ठेवा. पहिल्या तीन दिवसांत शेक, गरम पाण्याची पिशवी आणि तेलाची मालिश टाळा. त्यामुळे आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. हाड बसवून घेण्यासाठी एक्स-रे न काढता कुणाकडेही जाऊ नका. मोडलेले हाड चोळल्याने सरकते आणि साध्या प्लास्टरने भागणाऱ्या दुखापतीला शस्त्रक्रिया लागू शकते.

पहिला प्रश्न: कातडी फुटली आहे का?

घरी आल्यावर कपडे काढून, चांगल्या उजेडात सगळे अंग तपासा. पायाच्या मागच्या बाजूला, मांडीवर आणि पाठीवर नखांचे ओरखडे लपून राहतात. तिथे दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगा.

कुत्रा नुसता कपड्यांवर आदळला किंवा त्याची लाळ धड कातडीला लागली, तर रेबीजचा धोका नसतो. तो भाग धुतला की पुरे. पण पुढीलपैकी काहीही असेल तर उपचार लागतात:

- रक्त न आलेला ओरखडा किंवा उघड्या कातडीला दात लागणे: जखम धुणे आणि रेबीजची लस.
- रक्त आलेला चावा किंवा ओरखडा. पडून खरचटलेल्या जागी किंवा तोंडाच्या, डोळ्यांच्या आतल्या ओल्या कातडीला कुत्र्याची लाळ लागणे: जखम धुणे, लस आणि त्यासोबत जखमेत व तिच्या भोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन.

शेवटची गोष्ट अनेकांना माहीत नसते. माणूस पडतो, गुडघा खरचटतो आणि तोच कुत्रा जवळ येऊन प्रेमाने ती जागा चाटतो. अशा वेळीही इम्युनोग्लोब्युलिनसह पूर्ण उपचार लागतात.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटेच पंधरा वाटतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, तिखट, चुना, तेल किंवा माती लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. टाके शक्यतो टाळले जातात. घालणे अगदीच भाग असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर आणि सैलसर घालतात.

लसीचा पहिला डोस त्याच दिवशी घ्या. कातडीत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, तर स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. इथे ‘०’ म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. स्नायूतली लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत; कमरेत देत नाहीत. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि तान्ही मुले यांनाही ती देता येते. पूर्वी लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल, तर बहुधा ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस पुरतात. त्यासाठी जुना कागद जपून ठेवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची गरज आहे का, हेही विचारा.

“कुत्रा पाळीव आहे, त्याला लस दिली आहे” एवढ्यावर थांबू नका. लसीकरणाचे कार्ड पाहा आणि ते डॉक्टरांना दाखवा. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवता येते, पण तोपर्यंत उपचार सुरू करण्याचे थांबवू नका. कुत्रा १० दिवस धडधाकट राहिला, तर पुढच्या डोसांविषयी डॉक्टर निर्णय घेतात. भटक्या कुत्र्याचा एक कान कापलेला दिसला, तर त्याची नसबंदी झालेली असते. त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते, पण ती कधी दिली आणि तिचा परिणाम अजून आहे का, हे कानावरून कळत नाही.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेले उपचार मात्र त्याला पूर्णपणे रोखू शकतात. म्हणून शंका असेल तिथे डॉक्टरांना दाखवाच.

दुसरा प्रश्न: वजन टाकता येते का?

गुडघ्याला मार लागला असेल, तर एक्स-रे लागणार का हे ठरवण्यासाठी डॉक्टर काही ठरावीक गोष्टी पाहतात. त्या तुम्हालाही समजून घेता येतील. पुढीलपैकी एक जरी असली, तरी एक्स-रे काढून घ्यावा:

- वय ५५ किंवा त्याहून जास्त
- पडल्यावर आणि दवाखान्यातही चार पावले टाकता न येणे
- गुडघा काटकोनात न वाकणे
- गुडघ्याची वाटी दाबल्यावर दुखणे
- गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली असलेल्या हाडाच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखणे

लंगडत का होईना चार पावले टाकता आली, म्हणजे सगळे ठीक आहे असे मात्र नाही. पडताना गुडघ्यात ‘कट’ असा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झाल्याची शक्यता असते. मुख्य लिगामेंट फाटल्यास किंवा हाडाला तडा गेल्यास असे होते.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

- डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, बोलणे असंबद्ध झाले, झोप आवरेना किंवा झटका आला
- डोक्याला मार लागला आणि रुग्ण वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेतो, मग लक्षणे नसली तरीही
- एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, जांघेत दुखते: हे खुब्याचे फ्रॅक्चर असू शकते
- पायाची किंवा हाताची बोटे थंड, निळसर किंवा बधिर पडली
- हाड कातडीबाहेर आले आहे किंवा फ्रॅक्चरच्या जागी जखम आहे
- चेहरा, मान किंवा हाताच्या पंजाला चावा आहे

घरात ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डोक्यातला रक्तस्राव कधी कधी हळूहळू होतो. पडल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी डोकेदुखी, चालताना झोक जाणे, विसराळूपणा किंवा एका बाजूला अशक्तपणा दिसू लागला, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना आधीच्या पडण्याविषयी आवर्जून सांगा.

बरे व्हायला किती दिवस लागतात?

प्रत्येक दुखापत वेगळी असते. तरीही साधारण अंदाज असा:

- मुका मार: १ ते ३ आठवडे.
- गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचा ताण: सौम्य असेल तर १ ते ३ आठवडे, मध्यम असेल तर ४ ते ६ आठवडे. पूर्ण फाटले तर २ ते ३ महिने. तरीही बऱ्याच जणांना नी-ब्रेस आणि व्यायामाने बरे वाटते.
- नडगीच्या हाडाचे गुडघ्यातले फ्रॅक्चर: हाड सरकले असेल तर शस्त्रक्रिया. दोन्ही प्रकारांत साधारण ६ ते १२ आठवडे पायावर पूर्ण वजन टाकू देत नाहीत.
- मनगटाचे फ्रॅक्चर: ५ ते ६ आठवडे प्लास्टर, त्यानंतर हाताचे व्यायाम.
- खुब्याचे फ्रॅक्चर: शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत केली जाते आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी वॉकरने उभे करतात.

मनगटाबाबत एक इशारा. अंगठ्याच्या मुळाशी जो खोलगट खड्डा असतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर तिथल्या छोट्या हाडाला तडा गेलेला असू शकतो. तो पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. अशा वेळी डॉक्टर पट्टी किंवा प्लास्टर देऊन १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. “रिपोर्ट नॉर्मल होता” म्हणून ही फेरी चुकवू नका.

प्लास्टर असताना वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, बोटे सुन्न झाली किंवा हलवताना असह्य दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी झाल्याची शंका असते. हेही तातडीचे आहे.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण यकृताचा त्रास असेल तर आधी विचारा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. विशेषतः मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर.

व्यायाम: कधी आणि कोणते?

पूर्ण विश्रांती फार दिवस घेतली तर सांधा आखडतो आणि मांडी बारीक होते. त्यामुळे परवानगी मिळताच हालचाल सुरू करावी. पुढील क्रम गुडघ्याच्या लिगामेंटच्या सौम्य किंवा मध्यम दुखापतीसाठी आहे. फ्रॅक्चर असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलाच क्रम पाळा.

पहिला आठवडा: घोटा वर-खाली हलवणे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे, पाच सेकंद धरणे, सोडणे. असे १० वेळा, दिवसातून तीनदा.

दुसरा ते चौथा आठवडा: पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. टाच गादीवर सरकवत गुडघा हळूहळू वाकवणे. खुर्चीत बसून गुडघा सरळ करणे. काठी वापरत असाल, तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.

चौथ्या आठवड्यानंतर: ओट्याला धरून अर्धवट उठबस, एका पायावर उभे राहणे, बुटक्या पायरीवर चढ-उतार. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची घाई करू नका.

व्यायाम करताना थोडे ओढल्यासारखे वाटणे चालते. पण दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजा आणि प्रमाण निम्मे करा.

पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर हाडांची घनता तपासून घ्या. हाडे ठिसूळ झाली असतील, तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज पडल्यास इतर औषधांनी पुढचे फ्रॅक्चर टाळता येते. ही संधी बहुतेक जण घालवतात.

मनातली भीती

हाड जुळते, सूज उतरते, पण रुग्ण फिरायला जात नाही. विचारले तर म्हणतो, “नको आता, घरातच फेऱ्या मारतो.” काही महिन्यांत पायातली ताकद जाते, साखर वाढते, मित्रांचा कट्टा सुटतो आणि तोल ढासळल्याने पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. पहिल्या धडकेपेक्षा ही दुखापत मोठी असते, आणि ती कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही.

मागून पावलांचा आवाज आला की दचकणे, छातीत धडधडणे हे सुरुवातीला स्वाभाविक आहे. त्यावर उपाय पायरीपायरीने करावा. आधी गॅलरीतून खालची कुत्री पाहा. मग सोबत घेऊन गेटपर्यंत जा. मग पट्ट्याला बांधलेल्या शांत कुत्र्यापासून लांब अंतरावर पाच मिनिटे उभे राहा. प्रत्येक पायरीवर धडधड कमी होईपर्यंत थांबा, मग पुढे जा. घरच्यांनी “एवढे काय घाबरायचे” असे म्हणू नये आणि “आता जाऊच नका” असेही म्हणू नये. काही दिवस सोबत चालावे, हे सर्वांत चांगले औषध आहे. महिन्याभरानंतरही दुःस्वप्ने पडत असतील किंवा दाराबाहेर पाऊल टाकणे अशक्य वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

पुन्हा बाहेर पडताना

दुखऱ्या पायावर १० सेकंद न डगमगता उभे राहता येते, जिना कठडा न धरता चढता येतो आणि अर्धा तास चालल्यावर दुसऱ्या दिवशी सूज येत नाही, इतके झाले की नेहमीच्या रस्त्यावर जायला हरकत नाही.

वेताळ टेकडीवर, मैदानाच्या कडेने किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर कुत्री मोकळी धावताना दिसली तर:

- जागीच थांबा. आपण स्थिर असलो की कुत्र्याला वळसा घालता येतो. शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारली, तर तोही नेमका त्याच बाजूला वळू शकतो.
- झाड, बाक, कठडा किंवा भिंत जवळ असेल तर तिला पाठ लावा. निदान एका बाजूने तरी धडक बसणार नाही.
- पाय थोडे फाकवा, गुडघे किंचित वाकवा, नजर कुत्र्यांवर ठेवा. ताठ गुडघ्याला मार जास्त बसतो.
- हेडफोन लावू नका, निदान एक कान मोकळा ठेवा.
- हातातली काठी उगारू नका. ती टेकण्यासाठी आहे. कुत्रा अंगावर येतच असेल, तर छत्री किंवा पिशवी मध्ये धरा.

गुरगुरणारे किंवा अंगावर येणारे कुत्रे असेल तर पळू नका, ओरडू नका, डोळ्यात डोळे घालून पाहू नका. हात अंगालगत ठेवून हळूहळू मागे सरका. खाली पडलात तर अंग आकसून पालथे व्हा आणि हातांनी मान व कान झाका. मुलांना हेच “झाडासारखे उभे राहा, दगडासारखे पडून राहा” असे शिकवा.

दुचाकीवर: कुत्रे मागे लागले की आपण वेग वाढवतो, पाय वर उचलतो आणि तिथेच तोल जातो. वेग कमी करा, दोन्ही पाय जागेवर ठेवा, लाथ मारू नका. बरेचदा गाडी मंदावली की पाठलाग थांबतो. हेल्मेट दोघांनीही घालावे, आणि मागे बसणाऱ्यांनी एका बाजूला पाय सोडून बसणे टाळावे.

परदेशी मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांसाठी: तिथे कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी कुंपण घातलेली खास मैदाने असतात. नातवाबरोबर कुत्र्याला फिरवायला गेलात, तर मैदानाच्या मध्ये न थांबता कुंपणाशी किंवा बाहेर बाकावर बसा.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर

“आमचा काही करत नाही” हे वाक्य खरे असले, तरी समोरच्या आजींचा खुबा त्यावर अवलंबून ठेवू नका. माणसांच्या वाटेवर कुत्र्याला पट्टा लावा. हाक मारताच परत येण्याची सवय लावा. लसीचे कार्ड मोबाइलमध्ये ठेवा. धडक बसलीच, तर आधी कुत्र्याला बांधा, मग पडलेल्या व्यक्तीजवळ जा, तिला रुग्णालयात न्या आणि आपला फोन नंबर द्या. आपल्या प्राण्यामुळे इतरांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे नॉर्मल आहे, तरी गुडघा दुखतो. का?
एक्स-रेत हाडे दिसतात. लिगामेंट आणि गुडघ्यातली कुर्चेची गादी दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनंतरही गुडघा अडकत असेल किंवा चालताना निसटल्यासारखा वाटत असेल, तर पुन्हा दाखवा. तेव्हा एमआरआय लागू शकतो.

ओरखडा आठ दिवसांपूर्वीचा आहे. आता लस घेऊन उपयोग आहे का?
हो. उशीर झाला असला तरी आजच जा. लक्षणे दिसण्यापूर्वी कधीही सुरू केलेले उपचार उपयोगी ठरू शकतात.

पायाची शस्त्रक्रिया ठरली आहे. लसीचे डोस थांबवायचे का?
नाही. तारखा पाळा आणि भूलतज्ज्ञांना व सर्जनना लस चालू असल्याचे सांगा.

थोडक्यात

चावा नसला तरी धडक बसून पडणे ही खरी दुखापत आहे. त्याच दिवशी अंग तपासा, ओरखडा १५ मिनिटे धुवा, लस घ्या, आणि चार पावले टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. मालिश टाळा, व्यायाम टाळू नका. आणि बरे झाल्यावर घरात बसून राहू नका. पहिले काही दिवस कुणाला तरी सोबत घ्या, पण पुन्हा फिरायला जा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या दुखापतीविषयीचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.